मातीच्या दगडातले शंख

कापलेला धान बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दोन दिवस पडून राहिला की त्याला एक वास सुटतो. थोडा दुधाचा, थोडा ओल्या चटईचा, आणि खाली उरलेल्या चिखलाचा. गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या आमच्या घरात तो मागच्या दारानं आत येतो आणि भांड्यांत, अंथरुणांत, केसांत बसून राहतो. यंदा कितीतरी वर्षांनी मी कापणीच्या दिवसांत इथं आहे. काल बायका कमरेला इळे खोचून बांधावरून घरी निघाल्या, वाऱ्याबरोबर वास आला, आणि मी चुलीवरचं दूध तसंच सोडून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. दूध उतू गेलं. त्या सालीही असाच वास होता. बर्मेत जपानी शिरले, त्या सालची ती कापणी.

माझ्या नवऱ्याचं नाव दयाराम. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मीही कधी घेतलं नाही. इथं लिहिताना घेते, कारण नाहीतर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. गोंदियाला मॅट्रिक होऊन ते रेल्वेतल्या एका ओळखीच्या बाबूबरोबर रंगूनला गेले आणि तिथून वर, तेलाच्या विहिरींवर. लग्नाला म्हणून आले, महिनाभर राहिले, परत गेले. मी सासरी राहिले. माझं माहेर बोदलकशाजवळचं, वडील शाळामास्तर, म्हणून मी सातवी पास होते आणि घरात पत्र वाचणारी मी एकटी होते. पत्रांत ते कामाचं फारसं लिहीत नसत. "मी दगड धुतो" एवढंच एकदा लिहिलं होतं. सासू, जिला सगळं गाव आणि मीही 'माय' म्हणत असू, ते ऐकून म्हणाली होती, "दगड धुवाले बर्मेले कायले जावं लागते? आपल्या नदीत का कमी आहेत?"

मग पत्रं थांबली. रंगून पडल्याचं कळलं. लाखो माणसं डोंगरांतून पायी निघाल्याचं कळलं. उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान पोटरीला आला, तरी काही नाही. मायनं देवाजवळ एक पणती लावून ठेवली होती. ती विझली तर काय, या भीतीनं आम्ही दोघी आळीपाळीनं तेल घालत असू आणि त्याबद्दल बोलत नसू.

दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी माय अंगण सारवत होती. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काळा पडलेला, दाढी वाढलेली, अंगात भर उन्हात कोट.

"कोण पाहिजे बापा?" मायनं विचारलं.

"माय, मी आहो ना."

मायच्या हातातलं शेण तसंच राहिलं. तिनं तशाच हातांनी त्यांचं तोंड धरलं. मी दारात होते. पुढे जावं की आत, मला कळलं नाही, म्हणून मी पाणी तापवायला गेले. रडायचं होतं ते चुलीपाशी रडून घेतलं.

दुपारी जेवायला बसले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं घास घेतला. धाकटा दीर गणपत पाहत राहिला. मायला तो अपशकुन वाटला असावा.

"डाव्या हातानं कायले जेवून राहिला रे?"

त्यांनी उजवा हात कोटाच्या बाहीतून काढून ताटाशेजारी जमिनीवर ठेवला. अंगठा नव्हता. त्याच्या जवळची दोन बोटं नव्हती. डोंगरात झालेली साधी जखम चिघळली आणि आसामच्या छावणीत डॉक्टरांनी हात वाचवण्यासाठी बोटं काढली होती. मायनं पदरानं त्यांच्या ताटावरची माशी उडवली आणि आणखी भात वाढला.

त्या रात्री मी त्यांचा कोट धुवायला घेतला तर खिशात दोनच वस्तू निघाल्या. एक पितळेचं घडीचं भिंग, आणि लिंबापेक्षा मोठा, राखाडी रंगाचा एक दगड. दगड म्हणावा तर नखानं ओरखडा पडत होता, माती म्हणावी तर फुटत नव्हती. मी विचारलं, "सारं फेकून आले, अन् हे काऊन आणलं?"

"विहिरीतून आलेला नमुना आहे. टेबलावर घेतला होता तेवढ्यात निघाचा हुकूम आला. काम अर्धं रायलं होतं."

पेटी त्यांनी पहिल्या टेकडीवर टाकली होती, घोंगडी चौथ्या की पाचव्या मुक्कामावर, जेवणाचा डबा नदीत गेला. आणि हा दगड अर्धं काम म्हणून घरी आला होता.

कापणी सुरू झाली. ते बांधीत आले, डाव्या हातात इळा घेतला. धानाची मूठ धरायला उजव्या हाताला मूठच नव्हती. उरलेल्या दोन बोटांत आणि तळव्यात धान दाबून ते कापू लागले. अर्ध्या ओळीत पायाला इळा लागला. गणपत मनाचा सरळ. तो धावत आला, म्हणाला, "दादा, राहू दे. मी आहो ना. तू बस." संध्याकाळी मायनंही तेच म्हटलं. "देवानं तुले वापस देला तेच लय झालं. बस आता घरी." ती मायेनंच बोलली होती. पण 'बस' हा शब्द त्यांना कसा लागला ते मी पाहिलं. ते उठून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत बांधावर उभे राहिले. डास, थंडी, अंगात डोंगरातून आणलेला हिवताप, तरी बसले नाहीत.

दिवाळीच्या आधी कलकत्त्याहून एका जुन्या सोबत्याचं कार्ड आलं. बर्मेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेचे साहेब जिवंत होते, आसामच्या तेलखाणीत नवी प्रयोगशाळा लावत होते आणि जुनी माणसं शोधत होते. उत्तर मी लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं. बोटांचंही लिहायला लावलं. मी म्हटलं, "ते आता कायले सांगता? तिथं गेल्यावर पाहतील." ते म्हणाले, "तिथं हाताचंच काम आहे. लपवून का करू?"

साहेबांचा जबाब सरळ होता. दुःख झालं, पण हे काम बोटांचं आहे. आत्ता जो हात आहे त्या हातानं एक पट्टी तयार करून पाठव, मग पाहू.

पट्टी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. जुन्या काळी, माणूस नव्हता तेव्हा, बर्मेच्या त्या जागी समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ बसत गेला, गाळाचा दगड झाला. त्या पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव होते, ते आपल्याभोवती चुन्याचं घर बांधत. जीव मेले, घरं गाळात राहिली. प्रत्येक थरातली घरं निराळी. विहीर खणताना खालून दगड वर येतो, तो भिजवायचा, धुवायचा, त्यातली घरं निवडून काळ्या पट्टीवर ओळीनं चिकटवायची. ती पाहून साहेब सांगतो, आपण कोणत्या थरात आहोत आणि तेल किती खाली आहे. "शंख नाहीत ते," ते म्हणाले, "पण तू शंख म्हण. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं."

"अन् समुद्र केवढा असते?"

"बोदलकशाचा तलाव पाहिला ना? पलीकडचा काठ काढून टाक."

मी डोळे मिटून काठ काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. दर वेळी पलीकडे टेकड्या येऊन उभ्या राहत.

आमच्याजवळ दगड होता तो एवढाच. गणपतला वाटलं दगडांना काय तोटा. तो दरेकशाला सासरी गेला होता, तिथल्या डोंगरातून पोतंभर दगड घेऊन आला. "घे दादा, पाहिजे तेवढे शंख काढ." त्यांनी एकेक दगड भिंगाखाली पाहिला, गणपतचं मन राखायला सगळे पाहिले. मग म्हणाले, "हे लय म्हातारे दगड आहेत गणपत. हे झाले तवा घर बांधणारे ते जीवच नव्हते." ते दगड गोठ्याच्या पायरीला लागले.

आमच्या दगडाचा अर्धा भाग त्यांनी फोडला, वाळवला, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजत ठेवला. सकाळी त्याचा चिखल झाला होता. माझ्या एका जुन्या मलमलीच्या फडक्यातून तो चिखल आम्ही धुतला. मी पाणी घालायची, ते डाव्या हातानं हलकेच फिरवायचे. गढूळ पाणी जात जात शेवटी नितळ यायला लागलं आणि फडक्यावर चिमूटभर पांढुरकी वाळू उरली. ती काळ्या कागदावर पसरून त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं.

मी वाळू पाहायला वाकले होते. तिथं वाळू नव्हतीच. वळणं घेत आत गेलेली घरं होती. मण्यांची माळ असावी तसं एक, एक तांदळाच्या कणीसारखं पण अंगावर बारीक रेघा असलेलं, एक पणतीसारखं पसरट. एकावर टाचणीच्या टोकाहून बारीक भोकं, आणि ती भोकंही ओळीत. बाहेर बैलांच्या पायांखाली आधी कापलेला धान चुरला जात होता, पेंढ्याची धूळ दारातून आत येत होती. मी श्वास धरून ठेवला, एवढ्यासाठी की माझ्या फुंकरीनं ती उडून जाऊ नयेत.

उचलायची वेळ आली आणि खरं संकट कळलं. गणपतनं खारीच्या शेपटीचे केस आणून दिले होते, त्यांचा टोकदार ब्रश केला होता. तो ओला करून घरावर टेकवायचा, चिकटलेलं घर उचलायचं, बाभळीच्या डिंकाचा पुसटसा हात दिलेल्या पट्टीवर सोडायचं. उजव्या हाताला हे झोपेतही येत होतं. डावा हात मात्र एखाद्या अडाणी पाहुण्यासारखा प्रत्येक गोष्टीला धक्का देत होता. ब्रश टेकला की घर चुरडायचं. माळ तुटायची. एकदा तर कागदच हलला आणि चांगले निवडलेले शंख जमिनीवर, सारवणात गेले. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून भिंगानं जमीन पाहत राहिलो. एकही सापडला नाही. त्या आठवड्यात अर्ध्या दगडाची सगळी वाळू वाया गेली.

माय उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. म्हणाली, "सोड रे बापा. मेलेल्या किड्यांपायी कायले जीव आटवून राहिला? वावर आहे, भाऊ आहे."

ते म्हणाले, "माय, खसखस आहे का घरात?"

उरलेला दगड त्यांनी कोनाड्यात ठेवला आणि हात शिकवायला काढला. आधी तीळ. काळ्या कागदावरचा तीळ ब्रशानं उचलून दुसऱ्या कागदावर, ओळीत. तीळ जमला तेव्हा राई. राई गोल, ती पळायची, ती त्यांना फार दिवस पुरली. मग खसखस. ताप एक दिवसाआड यायचा. ताप नसलेल्या दिवशी सकाळचं ऊन दारात आलं की ते बसत, आणि ऊन सरकेल तसे सरकत सरकत अंगणाच्या टोकापर्यंत जात. तापाच्या दिवशी गोधडीतून डावा हात बाहेर काढून नुसतीच बोटं चालवत. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजू लागले, गणपत बोलवायला आला. ते गेले नाहीत. ढोलाच्या ठोक्यांनी खसखस थरथरत होती. ते म्हणाले, "बरं झालं. अशातही जमलं पाहिजे."

मी हे सगळं पाहत होते असं नाही. मला कामं होती. भारे बांधायचे, पुंजण्याला, म्हणजे खळ्यावरच्या भाऱ्यांच्या राशीला, धान पोचवायचा, कापणीच्या बायकांची भाकर करायची. पण येता-जाता नजर त्यांच्या हातावर जायची आणि भाकरी थापताना माझी बोटं आपोआप तशी वळायची. हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे.

शेवटी उरलेला दगड धुतला. या खेपेस शंख उचलले जाऊ लागले, तुटेनासे झाले, पण ओळ सरळ राहीना. पहिली ओळ लागली आणि त्यांना जोराचा ताप भरला. वाळू उघडी, पट्टी उघडी. मी झाकायला गेले. ब्रश हातात घेतला. एक उचलून पाहिला. तो उचलला गेला. दुसरा उचलला. दुपार कशी गेली मला कळलं नाही. दुसरी ओळ पुरी झाली होती, आखल्यासारखी.

संध्याकाळी ताप उतरला. त्यांनी पट्टी भिंगाखाली धरली.

"हे कोणी लावले?"

"मी."

त्यांनी भिंग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. गणपतही वाकला. म्हणाला, "वयनीनं तं लय साजरे लावले दादा! अशाच साऱ्या ओळी लावून धाडून द्या. साहेबाले का समजते, हात कोणाचा?"

मलाही तेच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, दुपारभर मी तेच मनात म्हणत होते.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि मी लावलेले शंख एकेक करून भिजवून सोडवले, परत वाळूत ठेवले. एकही तुटू दिला नाही. म्हणाले, "साजरे होते. पण साहेबानं माझा हात मागितला आहे."

माझ्या डोक्यात सणकच गेली. मी त्यांच्यासमोर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुमचा हात तुमी धाडा. अन् माझा? माझा हात का खसखस निवडाले ठेवू? मले माझ्यासाठी शिकवा. अन् तुमी गेले तं मी इथं राहणार नाही. एक डाव राहिली. पणतीत तेल घालत राहिली. आता नाही."

बाहेर सुपाचा आवाज थांबला. मायनं ऐकलं होतं. गणपत हळूच निघून गेला. दयाराम माझ्याकडे पाहत होते, आणि परत आल्यापासून पहिल्यांदा हसले. "शिकवतो," म्हणाले. "पण बस जवळ. उभ्यानं नाही शिकता येत."

पट्टी पुरी झाली तेव्हा पुंजणी चुरून झाली होती. पाठवण्याआधी ती मोठ्या यंत्राखाली पाहावी असं त्यांना वाटत होतं. गोंदियाला त्यांच्या तापाचं औषध देणारे एक बंगाली डॉक्टर होते. त्यांच्याकडे रक्त तपासायचा मायक्रोस्कोप होता. आम्ही दोघं बैलगाडीनं गेलो. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण टेबल खिडकीजवळ ओढू दिलं. ऊन वरून पडेल असा त्यांनी एक छोटा आरसा धरला, ह्यांनी पट्टी खाली सरकवली, पाहिलं आणि बाजूला झाले. मग डॉक्टरांनी डोळा लावला. ते बराच वेळ वर आलेच नाहीत. बाहेर रोगी खोकत होते.

"अरे बाबा," ते शेवटी म्हणाले, "ये तो पूरा समुंदर है!" मग खिडकीबाहेर पाहत, "हम तो मेदिनीपूर का आदमी है, समुंदर के पास का. कितने साल हुए, देखा नहीं."

माझी पाळी आली तेव्हा मी शंखांकडे पाहिलंच नाही आधी. ओळी पाहिल्या. पहिली ओळ वर चढत गेली होती, तिसरी मध्येच खाली उतरली होती. पण एकूण एक घर सबंध होतं. भोकं, रेघा, वळणं, सगळं.

पार्सल गेलं. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. संक्रांतीचे तीळ निवडताना हात थांबायचे एवढं आठवतं. युद्धामुळे टपालाचा भरवसा नव्हता. मायनं त्या दिवसांत शंखांचा विषय काढला नाही, आणि आम्हीही नाही. धानामागून पेरलेली लाखोळी फुलली होती तेव्हा कधीतरी तार आली. गोंदियाच्या पोस्टातला माणूस सायकलवर घेऊन आला. तार म्हटली की रडारड, म्हणून शेजारणी आधीच जमल्या. मी वाचली. इंग्रजी मला येत नव्हतं, अक्षरं लावली फक्त. त्यांनी अर्थ सांगितला: ओळी वाकड्या. शंख शाबूत. या.

पुढे तिकडे मीही हे काम केलं, त्यांच्या शेजारच्या टेबलावर, माझ्या नावानं. समुद्र मात्र अजून पाहिलेला नाही. आसामात कुठला समुद्र! त्याचं मला वाईट वाटत नाही. कधीतरी पाहीन. ज्यानं आपली घरं एवढी नीट सांभाळून ठेवली त्याला माझी काही घाई नसणार.

निघायच्या दिवशी मी मनातून तयार होते. माय आडवी येणार, पोर परत मरणाच्या वाटेवर नेते म्हणून मला बोलणार, आणि मी काय उत्तर द्यायचं ते मी पाठ केलं होतं. पण ती सकाळपासून कामात होती. चिवड्याचं गाठोडं बांधलं, लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळली, आणि गाडीत आमच्याआधी चढून बसली. स्टेशनवर हावडा मेल लागली. लष्कराच्या माणसांनी डबे भरलेले, दारात रेटारेटी. ह्यांनी कसाबसा आत पाय ठेवला, गणपतनं ट्रंक वर फेकली. मी मायच्या पाया पडायला वाकले. पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं.

तिनं मला पुरतं वाकूच दिलं नाही. दंडाला धरून उठवलं, गर्दीतून वाट काढली आणि पाठीला हात लावून डब्यात ढकललं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर चालत होती.

"मागच्या खेपेले एकटा धाडला," ती ओरडून म्हणाली, "तं अर्धाच वापस आला. आता तू आहेस. पुरा आणजो!"